पत्रिकेतले डॉक्टर

नाना फोनवर शब्द द्यायचे ते उभे राहून. भाव ठरेपर्यंत ते फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसलेले असत. पलीकडच्या माणसाला झापत, हसत, मधेच स्वतःशीच मान हलवत. भाव ठरला की मांडी सुटायची. टेबलाखालच्या चपला पायांनी चाचपायच्या, त्या घालायच्या, उभं राहायचं आणि मग म्हणायचं, "ठरलं." पलीकडचा माणूस दिल्लीत नाहीतर रावेरला. त्याला यातलं काही दिसत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बसल्या बसल्या माणूस काहीही बोलतो. शब्द उभ्यानं द्यायचा."

नाना केळीचे व्यापारी. रावेर-सावद्याकडचा माल घ्यायचा, उत्तरेत पाठवायचा आणि दिवसभर जळगावच्या ऑफिसातून फोनवर भांडायचं, हा त्यांचा उद्योग. मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहाराला होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कमी बोलणारी आणि मराठी आकडे पन्नासच्या पुढे गेले की गारठणारी. पहिल्याच दिवशी त्यांनी "अडुसष्ट लिही" म्हटलं आणि मी पेन धरून नुसती बसले. नानांनी थोडी वाट पाहिली. मग फोनवरच्या माणसाला म्हणाले, "थांब जरा, आमच्याकडे लंडनचं ऑफिस उघडलंय." त्या दिवसापासून माझं नाव 'इंग्लिश' पडलं. "ए इंग्लिश, चहा घेतला का?" मला राग यायचा, पण राग दाखवायलाही बोलावं लागतं, म्हणून मी तो सोडून दिला.

या माणसाला साठीच्या तोंडावर डॉक्टर व्हायचं खूळ लागलं ते आपणहून नाही. त्यांना डॉक्टर केलं त्यांच्या मावसभावानं, सोनगीरच्या आप्पांनी. नानांचे थोरले भाऊ लवकर गेले, तेव्हापासून पुतण्या गणेश नानांच्याच घरी वाढला. त्याचं लग्न धुळ्याच्या एका प्राचार्यांच्या मुलीशी, स्नेहलशी ठरलं. आमच्याकडे लग्नपत्रिका केवळ बोलावण्यासाठी नसते. तिच्यात दोन्हीकडचे दादासो, भाऊसो, आप्पासो, माजी सरपंच, विद्यमान सदस्य ओळीनं उभे केलेले असतात आणि लोक मुहूर्त नंतर वाचतात, आधी ही फौज मोजतात. पत्रिकेचा मजकूर जुळवणं हे घराण्यात आप्पांचं खातं. मुलीकडच्या रकान्यात तीन डॉक्टर निघाले: एक दातांचे, एक साबुदाण्यासारख्या गोळ्यांचे आणि खुद्द प्राचार्य, ते पुस्तकांचे. आपल्या रकान्यात एकही नाही. आप्पांना ते सहन झालं नाही.

नानांना कळलं तेव्हा पत्रिका छापून, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावून, गावोगाव पोचल्या होत्या. त्यांनी आप्पांना ऑफिसात बोलावून जाब विचारला. आप्पा अजिबात डगमगले नाहीत. "त्यासनाकडे तीन डॉक्टर शेतस," ते म्हणाले. "आपलाकडे एक बी नही. मंग तुमले करी टाकं."

"अरे, पण मलाच का?"

"तुमना चष्मा शे."

नानांच्या बायकोनं, काकूंनी, संध्याकाळी पत्रिका वाचली आणि म्हणाल्या, "नशीब, चष्म्यावरच थांबले. टक्कल पाहिलं असतं तर न्यायाधीश छापले असते."

गोष्ट हसण्यावारी जायची. पण लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला प्राचार्य नेमके नानांशेजारी बसले. शिस्तीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी अदबीनं विचारलं, "नाना, आपली पीएचडी कशात?"

नानांच्या तोंडात बट्टी होती. ती गिळेपर्यंत विचार करायला वेळ होता, पण नानांनी तो वापरला नाही. "केळीत," ते म्हणाले.

"म्हणजे कृषी शाखा?"

"नाही, नाही. धंद्यातली."

"वा! वाणिज्य. मग आमच्या कॉलेजात एकदा या. मुलांना मार्गदर्शन करा."

तूप वाढणारा पुढे आला म्हणून विषय तिथेच थांबला. पण प्राचार्यांनी तो मनात ठेवला. दर सणाला त्यांचा फोन यायचा, फराळाची चौकशी व्हायची आणि शेवटी, "नाना, व्याख्यानाचं केव्हा जमवताय?" नाना सांगायचे, केळीची कटाई चालू आहे. वर्षभर कटाई चालू राहिली. इकडे बाजारातले लोक होतेच. "डॉक्टर, बागावर करपा आलाय, सुई टोचून जा." नाना त्यांच्याबरोबर हसायचे. मग एके दिवशी ते चपला घालून उभे राहिले, दिल्लीच्या एका नव्या व्यापाऱ्याला "ठरलं" म्हणाले आणि तो पलीकडून हिंदीत म्हणाला की, डॉक्टरसाहेबांचा शब्द म्हणजे प्रश्नच नाही. त्याच्याकडेही ती पत्रिका पोचली होती. नानांनी फोन ठेवला आणि ते तसेच उभे राहिले. मी मान खाली घालून टाइप करत होते, तरी मला दिसलं.

"इंग्लिश," ते म्हणाले, "आमच्या धंद्यात सही नसते. नाव असतं. आणि माझ्या नावात आता खोट आहे."

"मग सांगून टाका ना सगळ्यांना," मी म्हटलं. ऑफिसातलं माझं ते बहुधा सगळ्यात लांब वाक्य.

"काय सांगू? त्या पोरीच्या बापाला सांगू, की तुमच्या व्याह्यानं पहिल्या दिवशी पहिल्या प्रश्नालाच थाप मारली? तिला उद्या माहेरी काय तोंड राहील? पत्रिका तर परत मागवता येत नाही. डॉक्टरकी मागवता येते का बघ. ऑनलाइन. स्वस्तातली. आणि धंद्यातली बघ, हगवणीची नको."

तेव्हापासून दुपारी बाजार सुस्तावला की आम्ही विद्यापीठं बघायला लागलो. बघत मी होते; नाना डोळे मिटून ऐकायचे. मी सांगितलं की आपल्या देशात ऑनलाइन पीएचडी मान्य धरत नाहीत, जाहिरातींना भुलू नका असं सरकारनंच सांगितलंय. बाहेरच्या देशातली काही विद्यापीठं धंद्यातल्या माणसांसाठी वेगळी डॉक्टरेट देतात. ती खरी असू शकते, पण इथल्या नोकरीला चालेलच असं नाही. नाना डोळे न उघडता म्हणाले, "मला या वयात नोकरी कोण देतंय? पण त्यांच्या देशात त्यांना कोण मानतं, ते विचार. ज्याला गावात कोणी उधार देत नाही, तो परगावी सावकार म्हणून फिरतो."

स्वस्त म्हणजे काय, हे मला त्या दुपारांमध्ये कळलं. जाहिरातीतला आकडा बघून मी उत्साहानं वाचायची आणि नाना विचारायचे, "हमाली, तोलाई, गाडीभाडं धरून सांग." मग खाली बारीक अक्षरात सापडायचं: हा आकडा एका सत्राचा, प्रबंधाला उशीर झाला तर दर वर्षी वेगळी फी, आणि एकदा आठवडाभर प्रत्यक्ष हजेरी. "ऑनलाइन म्हणतात आणि या म्हणतात? मग ते ऑनलाइन कसलं, ते तर सासर झालं." काकू डबा घेऊन आल्या असल्या की त्याही बसायच्या. "आयुष्यभर केळी पिकवली," त्या मला म्हणायच्या, "आता स्वतः पिकू राहिले."

एकदा चौकशी केली की पुढचं काम फोनच करायचे. समुपदेशक म्हणवणारी गोड आवाजाची मुलं-मुली दिवसभर नानांना 'सर' म्हणू लागली. एकानं सांगितलं, शेवटच्या दोनच सीट राहिल्यात, सर. नाना चक्रावले. "बाळा, ऑनलाइनमध्ये खुर्च्या कशा संपतात?" दुसऱ्यानं न मागता फी कमी केली, दुपारी आणखी केली आणि संध्याकाळी अर्ध्यावर आणली. नानांनी त्याचा नंबर माझ्याकडून उडवून घेतला. "मी तोंड उघडलं नाही तर हा भाव पाडतोय. माल नासलेला आहे." तिसरा त्याहून सोपा निघाला. अभ्यास नको, प्रबंध नको, एका हॉटेलात कार्यक्रम, गाऊन, टोपी, फोटो, मानद डॉक्टरेट. नानांनी फार गंभीरपणे विचारलं, "गाऊन घरी न्यायचा की परत द्यायचा?" परत द्यायचा, म्हणाला. "मग राहू दे. नातवाला खेळायला झाला असता."

सगळ्यांना ते शेवटी एकच प्रश्न विचारायचे: "तुमच्याकडे नापास किती होतात?" पलीकडून अभिमानानं उत्तर यायचं, एकही नाही, सर! नाना फोन ठेवायचे. "बागात एकही घड बाजूला काढत नाही, तो व्यापारी आंधळा तरी असतो नाहीतर चोर."

त्यांची दुसरी अट मला फार जड गेली. वेबसाइटवर हसऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो असत. मी ते दाखवले, तर म्हणाले, "हा बांध झाला. बांधावर उभं राहून बाग घेतो का कोणी? रस्त्याकडच्या ओळीला सगळेच पाणी जास्त देतात. आत शिर. मधल्या झाडांना विचार." म्हणजे जे अर्ध्यात आहेत, अडकलेत, सोडून गेलेत, त्यांना शोधायचं आणि फोन करायचा. मला अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे आधी पाणी प्यावं लागायचं. त्या दिवसांत मी खूप पाणी प्यायले. पण मधली झाडं बोलायची. एका बाईंचे मार्गदर्शक इतक्यांदा बदलले होते, की आत्ताचे कोण ते त्यांना सांगता येईना. एकानं सांगितलं, प्रबंध पाठवला, दुसऱ्या दिवशी 'उत्कृष्ट' असा शेरा आला. त्यानं चुकून भलतीच फाइल जोडली होती.

एक झाड भुसावळला निघालं. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ऑनलाइन डॉक्टरेट घेतलेले. नाना म्हणाले, फोन नको, जाऊ. केळीची फणी घेऊन आम्ही गेलो. दाराबाहेर साधी पाटी होती आणि आत दिवाणखान्यात टीव्हीच्या वर दुसरी, पितळी, 'डॉ.' लिहिलेली. नाना तिच्याकडे बघत राहिले, तसे गृहस्थ स्वतःच म्हणाले, "बाहेर लावली होती. पण एक प्राध्यापक शेजारी राहायला आले. ते रोज जाता-येता वाचायचे. काही म्हणायचे नाहीत हो. नुसते वाचायचे."

"मग आत कोण वाचतं?" नानांनी विचारलं.

"मीच."

परतताना नशिराबाद मागे पडेपर्यंत नाना रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. मग म्हणाले, "पितळ चांगलं होतं." त्यानंतर मानद डॉक्टरेटवाल्याचा फोन पुन्हा आला, तेव्हा त्यांनी त्याच्याशी थट्टाही केली नाही.

आणि मग त्या मॅडम भेटल्या. बाहेरच्या एका विद्यापीठाचं प्रवेशाचं काम बघणाऱ्या, कोरड्या आवाजाच्या. त्यांनी एकदाही 'सर' म्हटलं नाही. सगळी फी, उशीर झाला तर किती, परीक्षकांची किती, एका दमात सांगितली. ती आमच्या यादीतली सगळ्यात कमी नव्हती. पण हमाली-तोलाई धरून बाकीच्यांपेक्षा खाली येत होती. नानांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी तो इंग्रजीत सांगितला.

"साधारण निम्मे सोडून देतात," मॅडम म्हणाल्या. "काही शेवटी नापास होतात. तुमचं वय आणि धंदा बघता मी आग्रह करणार नाही. दोनशे पानं स्वतः लिहावी लागतील."

नानांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. फोन हातानं झाकून ते मला म्हणाले, "हीच! हीच बाई!"

"त्या नको म्हणतायत, नाना."

"म्हणून तर!"

अर्ज केला. कशाला शिकायचंय, हे लिहायचं होतं. मी छान इंग्रजीत स्पर्धात्मकता वगैरे लिहिलं. नानांनी ते माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं आणि म्हणाले, "हे कोण गृहस्थ?" मग सांगितलं, हे काढ आणि असं लिही: कापल्यापासून दिल्लीत उतरेपर्यंत केळीचं काय काय होतं ते मला माहीत आहे, पण का होतं ते माहीत नाही, आणि शेतकऱ्याला मी जे कारण सांगतो, ते मलाच खरं वाटत नाही. मी तसंच लिहिलं. मला ते इंग्रजीत आणताना, का कोण जाणे, फार वेळ लागला.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. नकार. पदव्युत्तर पदवी नाही, आणि बी.कॉम.वर डॉक्टरेटला प्रवेश देता येत नाही. अनुभव चालतो असं दुसरं कोणी सांगत असेल तर सावध राहा. खाली दोन ओळी होत्या: केळीबद्दलचं तुमचं टिपण मी दोनदा वाचलं. प्रश्न चांगला आहे. एम.कॉम. करून परत या.

मी घाबरत घाबरत वाचून दाखवलं. नानांनी ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा काकूंना वाचून दाखवायला लावलं. "बघ," ते म्हणाले, "एवढ्या लोकांनी फोन केले, पण माझं शिक्षण कोणी विचारलं? हिनं विचारलं. हिनं वाचलं!" जन्मात पहिल्यांदा मी एखाद्याला नापसंतीवर पेढे मागवताना पाहिलं. आणि त्याच भरात नानांनी चपला शोधल्या, उभे राहिले आणि धुळ्याला फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवायची सवय असल्यानं सगळं ऐकू येत होतं.

"व्याहीबुवा, बातमी आहे. मला नाकारलं."

"कोणी?"

"विद्यापीठानं. डॉक्टरकीसाठी."

"म्हणजे... दुसऱ्या डॉक्टरकीसाठी?"

"पहिल्याच."

काकूंनी पेढ्याचा हात तोंडापाशी थांबवला.

"पत्रिकेतलं आप्पानं केलं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "पंगतीतलं मी केलं. आप्पाचं मला माहीत नव्हतं. माझं मला माहीत होतं. स्नेहलला यातलं काही ठाऊक नाही, तिला बोलू नका."

"नाना," प्राचार्य सावकाश म्हणाले, "वर्षभर मी स्टाफरूममध्ये सांगतोय, की आमचे व्याही डॉक्टरेट आहेत."

"मग आता हेही सांगा."

"ते सांगावंच लागेल." मग एकदम त्यांचा ऑफिसातला आवाज लागला. "एम.कॉम. का नाही केलंत?"

"केळी होती."

"आमच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे. बाहेरून बसता येतं, फी माफक आहे. पण आमच्याकडे ओळख चालत नाही."

"ओळख चालवायची असती तर हा फोन कशाला केला असता?"

प्राचार्यांनी फोन ठेवला. पुढच्या सणाला त्यांचा फोनही आला नाही आणि नाना त्या दिवशी दोनदा फोनपाशी जाऊन आले. स्नेहल मात्र कळल्यावर हसत सुटली. तिला म्हणे पहिल्याच आठवड्यात संशय आला होता. घरात पंचांगाशिवाय पुस्तक नव्हतं.

नानांनी एम.कॉम.ला नाव घातलं. आता दुपारी ते डोळे उघडे ठेवून बसायचे. संख्याशास्त्र त्यांना छळायचं. "सरासरी काढून काय कळतं गं? एक घड नासका, एक चांगला, सरासरी काढली तर दोन्ही बरे? विकून दाखव म्हणावं." मराठीतले आकडे ते मला शिकवायचे, इंग्रजीतले शब्द मी त्यांना. दोघांची प्रगती बेताचीच होती. मधल्या काळात मला पुण्यात नोकरी लागली. सांगायला मी दोन दिवस घेतले. नाना म्हणाले, "जा. लंडनचं ऑफिस पुण्याला हलवलं, असं सांगतो लोकांना." मग म्हणाले की परीक्षेला धुळ्याला जायचंच आहे, तिथून पुण्याची बस पकड, गाडीत जागा आहे.

म्हणून त्या सकाळी मी तिथे होते. काकूंनी बळेच घातलेले नवे बूट-मोजे, पांढरा शर्ट, हातात पारदर्शक पिशवीत दोन पेनं, अशा अवतारात नाना कॉलेजच्या फाटकातून आत शिरले. रांगेतल्या मुलांना वाटलं, भरारी पथक आलं. एकानं पटकन काहीतरी झुडपात टाकलं, दुसऱ्यानं तोंडात टाकलं. नाना त्यांच्या शेजारून चालत गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. सगळे वळून बघत होते. चावणारा मुलगा चावायचा थांबला.

दारात स्वतः प्राचार्य झडती घेत होते. कॉपीच्या बाबतीत ते कोणावर विसंबत नसत. त्या फोननंतर दोघांची ही पहिली भेट. एरवी व्याही दारात आला तर पाट, पाणी, टोपी-उपरणं. इथे प्राचार्यांनी नुसता हात पुढे केला. "हॉल तिकीट."

नानांनी दिलं. प्राचार्यांनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. जणू खात्री पटत नव्हती. "हात वर."

नानांनी दोन्ही हात वर केले. "नीट बघा, साहेब," ते म्हणाले. "बंडीतही बघा. मागच्या वेळी तुम्ही न बघता सोडलं होतं."

प्राचार्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण तेवढाच. त्यांनी खिसे पाहिले. वेलदोडे निघाले, ते परत ठेवले. बाह्या पाहिल्या, कॉलर पाहिली. मग मुलं चिठ्ठ्या मोज्यांत लपवतात म्हणून ते नेहमीप्रमाणे खाली वाकले.

आणि नानांचा वर केलेला उजवा हात, सवयीनं, आपला आपण खाली आला आणि प्राचार्यांच्या डोक्यावर टेकला.

"सुखी राहा," नाना म्हणाले.

प्राचार्य तसेच वाकलेले. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय, ते मला मागून दिसलं नाही. पण वर न बघताच ते म्हणाले तेव्हा आवाज पूर्ण शिस्तीत होता.

"नाना, मोजे काढा."